‘अकारक’ भिक्खूचा कैवार : विनयपिटकातील रुग्णसेवा आणि परिचारिकेचे कर्तव्य

पालि वाङ्मयात रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यास ‘गिलानुपट्ठाक’ असा शब्द आहे. ‘गिलान’ म्हणजे आजारी, संस्कृतातील ‘ग्लान’. ‘उपट्ठाक’ या शब्दात ‘उप’ हा उपसर्ग आणि उभे राहणे या अर्थाचा ‘ठा’ हा धातू आहे. तेव्हा गिलानुपट्ठाक म्हणजे रुग्णाच्या जवळ उभा राहणारा. मराठीत रूढ असलेला ‘परिचारिका’ हा शब्द ‘परि’ आणि ‘चर्’ यांपासून आला असून त्यात रुग्णाभोवती वावरण्याची कल्पना आहे. दोन्ही शब्द अर्थपूर्ण आहेत. परंतु प्रस्तुत लेखाच्या विषयाला पालि शब्द अधिक जवळचा वाटतो, कारण जवळ उभे राहण्यात सेवा जशी आहे तशी बाजू घेणेही आहे. ‘संकटात अमुक माझ्या पाठीशी उभा राहिला’ असे आपण म्हणतो तेव्हा हाच अर्थ अभिप्रेत असतो.

आधुनिक परिचर्याशास्त्रात रुग्णाची कैफियत मांडणे, त्याच्या हिताचा व हक्काचा कैवार घेणे हे परिचारिकेचे एक स्वतंत्र कर्तव्य मानले जाते. इंग्रजीत त्यास ‘पेशंट अ‍ॅडव्होकसी’ म्हणतात. हे कर्तव्य तसे अलीकडचे आहे. १८९३ साली अमेरिकेतील डेट्रॉइट येथे तयार झालेल्या ‘नाइटिंगेल प्रतिज्ञे’त डॉक्टरांच्या कार्यात निष्ठेने साहाय्य करण्याचे वचन होते. (प्रतिज्ञेला नाव फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे असले तरी ती त्यांनी लिहिलेली नाही.) आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने १९५३ साली स्वीकारलेल्या पहिल्या आचारसंहितेतही डॉक्टरांच्या आज्ञा निष्ठेने पार पाडण्याचे कलम होते. १९७३ साली ही संहिता बदलली आणि परिचारिकेची पहिली जबाबदारी शुश्रूषेची गरज असलेल्या माणसांप्रती आहे, असे तीत स्पष्टपणे आले. निष्ठेचे स्थान बदलले ते येथे.

आज्ञापालनाकडून कैवाराकडे झालेला हा प्रवास ज्या विचारावर उभा आहे, तो विचार प्राचीन भारतीय रुग्णसेवेत कोठे आढळतो काय, असा प्रश्न अभ्यासकापुढे सहज उभा राहतो. विनयपिटकात तो आढळतो. आणि तेथे तो ‘अकारक’ या एका शब्दाभोवती उलगडत जातो.

महावग्गाच्या आठव्या खन्धकात, म्हणजे चीवरक्खन्धकात, तो प्रसंग आहे. एका भिक्खूस कुच्छिविकार, म्हणजे पोटाचा विकार, जडला होता आणि तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. भगवान बुद्ध आनंदासह भिक्खूंच्या निवासस्थानांची पाहणी करीत असता त्याच्या निवासाशी आले. त्याला त्या अवस्थेत पाहून ते जवळ गेले आणि आजार कोणता, असे त्यांनी विचारले. पोटाचा विकार आहे, असे त्याने सांगितले. शुश्रूषा करणारा कोणी आहे काय, असे विचारता त्याने नाही म्हटले. मग भिक्खू तुझी शुश्रूषा का करीत नाहीत, हा तिसरा प्रश्न आला. त्यावर, आपण भिक्खूंच्या काही उपयोगाचे नाही म्हणून ते आपली शुश्रूषा करीत नाहीत, असे त्याने उत्तर दिले. ‘उपयोगाचे नाही’ यासाठी मुळात ‘अकारक’ हा शब्द आहे. जो काही करीत नाही, ज्याच्याकडून इतरांचे काही काम होत नाही, तो अकारक.

त्यानंतर बुद्धांनी आनंदास पाणी आणावयास सांगितले. बुद्धांनी पाणी ओतले, आनंदाने त्या भिक्खूचे अंग धुतले. मग बुद्धांनी डोक्याकडून व आनंदाने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजविले. हे झाल्यावर त्यांनी संघ एकत्र बोलाविला आणि तेच प्रश्न संघास विचारले. अमुक निवासात कोणी भिक्खू आजारी आहे काय, त्यास काय झाले आहे, त्यास शुश्रूषक आहे काय, नसेल तर का नाही. संघाने दिलेले उत्तरही तेच होते आणि त्यातील शब्दही तोच : तो भिक्खू अकारक आहे.

या कथेत सहसा न बोलल्या जाणाऱ्या काही गोष्टी आहेत. पहिली अशी की, आजारी भिक्खू तक्रार करीत नाही. आपल्या उपेक्षेचे कारण तो सांगतो आणि ते कारण त्याने स्वतः मान्य केलेले आहे. उपेक्षा करणाऱ्यांचा युक्तिवाद तोच त्यांच्या वतीने मांडतो. तेव्हा रुग्ण जे बोलतो ते पुढे पोहोचविणे एवढाच कैवाराचा अर्थ घेतला, तर या भिक्खूच्या बाबतीत कैवाराला काही कामच उरत नाही; कारण त्याचे मागणेच काही नव्हते. ज्याचा स्वतःच्या हक्कावरचा विश्वास उडाला आहे, त्याच्यासाठी दुसऱ्याने उभे राहावे लागते, हे या प्रसंगाचे मर्म आहे. आजच्या रुग्णालयांतही हा भिक्खू पदोपदी भेटतो. ‘मुलांना कामधंदा आहे, त्यांना कशाला त्रास’, ‘आता माझ्यावर खर्च करून काय उपयोग’, ‘मला घरी न्या’ असे म्हणणारी वृद्ध माणसे आणि हातावर पोट असलेले रोजंदार रुग्ण हे बोलणे बहुधा डॉक्टरांपुढे बोलत नाहीत. ते रात्रपाळीच्या परिचारिकेच्या कानी पडते. ते बोलणे म्हणजे त्यांचा खरोखरीचा निर्णय आहे, की अकारकपणाची लाज आहे, हे ओळखणे ज्याला शक्य आहे असे त्या घटकेला तिच्यावाचून दुसरे कोणी तेथे नसते.

दुसरी गोष्ट क्रमाची. बुद्धांनी आधी विचारपूस केली, मग अंग धुतले, आणि त्यानंतर संघास जाब विचारला. संघ आधी बोलावून उपदेश करता आला असता. परंतु तेवढा वेळ तो भिक्खू घाणीतच पडून राहिला असता. शिवाय, ज्याने हाताने शुश्रूषा केली त्याच्या बोलण्याला एक अधिकार येतो, तो केवळ पाहून बोलणाऱ्याला येत नाही. परिचर्येतील कैवार वकिलाच्या कैवारापासून वेगळा होतो तो याच ठिकाणी.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. संघाने ‘अकारक’ हे कारण पुढे केल्यावर त्या कारणाची चर्चा बुद्धांनी केलीच नाही. तो पूर्वी कामाचा होता, बरा झाल्यावर पुन्हा कामाचा होईल, अशा प्रकारचे समर्थन त्यांनी केले नाही. तसे केले असते तर उपयोग हा शुश्रूषेचा निकष म्हणून कायमच राहिला असता. त्यांनी भिक्खूंना स्मरण दिले ते इतकेच की, त्यांची शुश्रूषा करावयास येथे त्यांची माता नाही, पिता नाही. त्यांनी एकमेकांची केली नाही तर कोण करणार? आणि ज्यास तथागतांची सेवा करावीशी वाटत असेल त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असे ते म्हणाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (१९५७) या ग्रंथात हा प्रसंग घेतला आहे आणि आपल्याकडे तो सर्वपरिचित आहे. मात्र प्रवचनांतून या शेवटच्या वचनावरच इतका भर दिला जातो की, त्यापुढे आलेले नियम वाचावयाचे राहून जातात.

ते नियम असे. आजाऱ्याचा उपज्झाय असेल तर त्याने जन्मभर शुश्रूषा करावी आणि तो उठून बसेपर्यंत थांबावे. उपज्झाय नसेल तर आचरियाने, सद्धिविहारिकाने, अन्तेवासिकाने, त्याच उपज्झायाच्या अथवा त्याच आचरियाच्या दुसऱ्या शिष्याने ती करावी. यांपैकी कोणीही नसेल तर संघाने करावी. न केल्यास दुक्कट नावाची आपत्ती, म्हणजे विनयाचा भंग घडतो. दुक्कट हा गंभीर दोष नव्हे. तरीही तो दोष आहे. रुग्णसेवा येथे दयाळू माणसाच्या मर्जीवर सोडलेली नाही. प्रत्येक आजाऱ्यामागे कोणीतरी नेमलेला माणूस आहे आणि नेमलेला कोणी नसेल तेव्हा संपूर्ण संस्था उत्तरदायी आहे, अशी ही रचना आहे.

धम्मपदाच्या अट्ठकथेत पूतिगत्त तिस्स या थेराची कथा आहे, तीही याच धर्तीची. त्याच्या अंगावर फोड येऊन ते फुटले, सोबत्यांनी त्यास टाकून दिले, आणि बुद्धांनी स्वतः पाणी तापवून त्यास स्नान घातले. परंतु अट्ठकथेने तेथे पूर्वजन्म आणला. तिस्स पूर्वी पारधी होता व पक्ष्यांची हाडे मोडीत असे, म्हणून त्यास हे भोगावे लागले, असे तिचे स्पष्टीकरण. महावग्गातील कथेत याचा मागमूस नाही. भिक्खू का आजारी पडला, त्याचा दोष काय, हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही. माझ्या मते विनयातील कथा या बाबतीत अधिक निर्मळ आहे. संयुत्तनिकायातील सीवकसुत्तात पित्त, कफ, वात, त्यांचा सन्निपात, ऋतुपालट, विषम आहारविहार, आघात आणि कर्म अशी वेदनांची आठ कारणे दिली असून, सर्व काही पूर्वकर्मामुळेच होते हे मत तेथे नाकारलेले आहे. रुग्णाला त्याच्या रोगाबद्दल दोषी धरावयाचे आणि त्याचा कैवारही घ्यावयाचा, ही दोन्ही कामे एका माणसाकडून होणे कठीण असते.

आता शुश्रूषकाच्या गुणांकडे वळू. महावग्गात याच ठिकाणी आणि अंगुत्तरनिकायाच्या पञ्चकनिपातातही रुग्ण व शुश्रूषक यांचे पाच पाच गुण सांगितले आहेत. ज्याची शुश्रूषा करणे सुलभ जाते असा रुग्ण हितकर तेच करतो, हितकर गोष्टीतही मात्रा जाणतो, औषध घेतो, हितचिंतक शुश्रूषकाला आपला आजार आहे तसा सांगतो, आणि वेदना सहन करतो. योग्य शुश्रूषक औषध सिद्ध करू शकतो. सप्पाय काय व असप्पाय काय, म्हणजे पथ्य काय व अपथ्य काय, हे जाणून अपथ्य दूर सारतो व पथ्य पुढे करतो. लाभाच्या आशेने नव्हे तर मैत्रीच्या चित्ताने सेवा करतो. मलमूत्र, ओकारी व थुंकी काढावयास किळसत नाही. आणि वेळोवेळी धम्मकथेने रुग्णास धीर व उत्साह देतो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातही चिकित्सेचे चार पाद आले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाच्या अंगी उपचारांचे ज्ञान, दक्षता, अनुराग आणि शुचिता असावी, असे चरक सांगतो. दोन्ही याद्यांतील साम्य उघड आहे. परंतु भेद अधिक बोलका आहे. चरकाच्या रुग्णाच्या गुणांत निर्देशकारित्व, म्हणजे वैद्याने सांगितल्याप्रमाणे वागणे, हा एक गुण आहे आणि चारही पादांत वैद्य हा प्रमुख आहे. विनयाच्या यादीत वैद्य नाहीच. एकाच खन्धकाचा आरंभ जीवकासारख्या थोर वैद्याच्या विस्तृत चरित्राने होतो, आणि तरीही त्याच खन्धकातील शुश्रूषकाच्या पाच गुणांत वैद्याची आज्ञा पाळण्याचा गुण येत नाही. संग्राहकांना वैद्य ठाऊक नव्हते, असे म्हणण्यास त्यामुळे जागा राहत नाही. शुश्रूषकाचे नाते येथे थेट रुग्णाशी जोडले आहे.

परिचर्या शिकणाऱ्या विद्यार्थिनींपुढे या विषयावर बोलण्याचा प्रसंग येतो तेव्हा एक प्रश्न हटकून निघतो. डॉक्टरांनी लिहून दिलेली मात्रा चुकीची वाटली तर काय करावयाचे? नव्या नोकरीतील मुलीने वरिष्ठांना कसे विचारावयाचे? प्राचीन ग्रंथाकडून या प्रश्नाचे तयार उत्तर मागणे योग्य नव्हे; आजच्या रुग्णालयाची उतरंड त्या काळी नव्हती. पण ग्रंथाने दिलेला निकष मात्र स्पष्ट आहे. पथ्यापथ्य जाणणे हे शुश्रूषकाचे स्वतःचे काम आहे आणि अपथ्य दूर सारणे हेही त्याचेच. ‘मला सांगितले तसे मी केले’ हे उत्तर त्या निकषावर टिकत नाही. त्याचबरोबर यादीतील क्रमही पाहावा. औषधाचे व पथ्याचे ज्ञान पहिल्या दोन स्थानी आहे, मैत्री तिसऱ्या स्थानी. ज्ञानावाचून घेतलेला कैवार रुग्णाच्या जिवावर उठू शकतो. मात्रेविषयी शंका घेण्याआधी मात्रा ठाऊक हवी, आणि शंका आल्यावर ती विचारल्यावाचून ते औषध देऊ नये. एवढे दोन नियम नव्या परिचारिकेने पाळले तरी पुष्कळ झाले.

बोशाँप आणि चिल्ड्रेस या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९७९ साली मांडलेली चार तत्त्वे आज जगभर वैद्यकीय नीतीच्या अध्यापनात शिकविली जातात : रुग्णाच्या स्वायत्ततेचा आदर, अपाय न करणे, हित करणे आणि न्याय. ती विनयातील यादीशी जुळवून दाखविण्याचा मोह आवरावा, असे मला वाटते. त्यांतील स्वायत्ततेचे तत्त्व मात्र विचारात घ्यावयास हवे, कारण अकारक भिक्खूने तेच अवघड करून ठेवले आहे. रुग्णाच्या इच्छेचा मान राखावयाचा. पण ती इच्छा उपेक्षेतून घडलेली असेल तर? भेसज्जाने भागत नाही असा हा प्रश्न आहे आणि विनयपिटकाने त्याला पाराजिकाच्या प्रकरणात हात घातला आहे.

तिसरे पाराजिक मनुष्यवधाचे. त्याखालील निर्णयकथांत एक कथा अशी आहे. एक भिक्खू आजारी होता. काही भिक्खूंनी करुणेपोटी त्याच्यापुढे मरणाची प्रशंसा केली आणि तो मरण पावला. भिक्खूंना पश्चात्ताप झाला व त्यांनी ही गोष्ट बुद्धांस निवेदन केली. पाराजिक घडले, असा निर्णय मिळाला. म्हणजे ते संघातून कायमचे बाहेर गेले. त्यांचा हेतू करुणेचा होता, हे ग्रंथ स्वतः सांगतो आणि तरीही सूट देत नाही. बऱ्या माणसाने आजाऱ्याला जगणे निरर्थक आहे असे सुचविणे, हे त्याला अकारक म्हणण्याचेच सौम्य रूप आहे, असा याचा अर्थ मला दिसतो.

पुढे पाचव्या शतकात बुद्धघोषाने समन्तपासादिकेत याच पाराजिकाच्या संदर्भात एक भेद केला आहे. औषध आणि शुश्रूषक उपलब्ध असताना मरणाच्या इच्छेने आहार सोडणाऱ्यास दुक्कट आहे. परंतु आजार मोठा आणि दीर्घकाळ चिकटलेला आहे, शुश्रूषक थकून गेले आहेत, आणि हे शरीर कितीही जपले तरी आता टिकत नाही असे जाणून रुग्ण स्वतःच आहार व औषध थांबवितो, तर ते चालते. म्हणजे निर्णय रुग्णाने स्वतः घेतला तर एक न्याय आणि दुसऱ्याने तो त्याच्या मनात पेरला तर वेगळा न्याय. भेद सूक्ष्म आणि उपयुक्त आहे. तथापि बुद्धघोषाच्या मांडणीत मला एक जागा बोचते. शुश्रूषक कंटाळले आहेत, यातून केव्हा सुटू असे त्यांना वाटते आहे, हेही तेथे रुग्णाच्या विचाराचा एक भाग म्हणून आले आहे. हा महावग्गातील भिक्खूचाच आवाज नव्हे काय? शुश्रूषकाचा थकवा रुग्णापर्यंत पोहोचला आणि त्यातून त्याचा निर्णय घडला, तर तो निर्णय कितपत त्याचा म्हणावयाचा? येथे अट्ठकथेपेक्षा मूळ विनय जवळचा वाटतो.

हा प्रश्न मुंबईत ४१ वर्षांहून अधिक काळ एका खाटेवर होता. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परळच्या के.ई.एम. रुग्णालयातील तरुण परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तेथील एका सफाई कर्मचाऱ्याने अत्याचार केला. कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला गेल्याने मेंदूस इजा झाली आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. या सर्व काळात त्यांची शुश्रूषा त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी केली. ज्यांनी अरुणाबाईंना धडधाकट कधी पाहिले नव्हते अशा पुढच्या पिढ्यांनीही केली. १९८० च्या दशकात त्यांना रुग्णालयाबाहेर हलवून खाट मोकळी करण्याचा प्रयत्न महानगरपालिकेकडून झाला, तेव्हा परिचारिकांनी विरोध केला आणि तो बेत मागे पडला. खाटेचा हिशेब करणारा माणूस दुष्ट असतो असे नाही; सार्वजनिक रुग्णालयात खाटांसाठी रुग्ण खोळंबलेले असतात. पण त्या हिशेबात अरुणाबाई अकारक ठरत होत्या, आणि त्यांच्या बाजूने बोलावयास त्यांच्या अंगाला रोज हात लावणाऱ्या स्त्रिया पुढे आल्या.

पिंकी विराणी यांनी अरुणाबाईंवर १९९८ साली पुस्तक लिहिले आणि २००९ साली त्यांच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. असे जगणे हे सन्मानाचे जगणे नव्हे, म्हणून कृत्रिम रीत्या त्यांना जगविणे थांबवावे, अशी मागणी होती. ही मागणीही कैवारच होती, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. बोलू न शकणाऱ्या स्त्रीच्या वेदनेकडे देशाचे लक्ष वळले ते त्यामुळेच. ७ मार्च २०११ रोजी निकाल लागला. न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू व ज्ञानसुधा मिश्रा यांनी अर्ज फेटाळला. वर्षानुवर्षे अहोरात्र शुश्रूषा करणारे रुग्णालयातील कर्मचारी हेच अरुणाबाईंचे खरे ‘निकटचे मित्र’ आहेत आणि त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांचा आहे, असे त्यांनी ठरविले. त्याच निकालात उच्च न्यायालयाच्या संमतीने निष्क्रिय दयामरणाला मार्गही मोकळा झाला.

न्यायालयाने अधिकार कोणत्या आधारे ठरविला, हे पाहण्यासारखे आहे. रक्ताचे नाते नाही, ज्ञान नाही, कीर्ती नाही. जवळ उभे राहणे हा आधार. अरुणाबाईंना पुढ्यात मासळी आली की आवडते, त्या हसतात, अशा बारीक गोष्टी रुग्णालयाने न्यायालयापुढे ठेवल्या होत्या. रुग्णाने आपला आजार आहे तसा सांगावा, हा जो चौथा गुण विनयाने मागितला, तो अरुणाबाईंकडून शक्य नव्हता. त्यांच्याऐवजी परिचारिका चेहरा वाचीत होत्या. त्या वाचण्यात स्वतःच्या मायेचा रंग मिसळला असण्याचा संभव नाकारता येत नाही, आणि टीकाकारांनी तसे म्हटलेही. तरी ज्यांनी वाचलेच नाही त्यांच्यापेक्षा त्यांचे वाचन प्रमाण मानण्यात न्यायालयाचे चुकले, असे मला वाटत नाही. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात तीन प्रकारचे रुग्ण सांगितले आहेत : उपचार मिळोत न मिळोत, बरा न होणारा; तसाच, मिळोत न मिळोत, बरा होणारा; आणि उपचार मिळाले तरच बरा होणारा. आहार, औषध व शुश्रूषक यांची अनुज्ञा तिसऱ्याला उद्देशून आहे, पण त्याच्या निमित्ताने पहिल्या दोघांचीही शुश्रूषा केलीच पाहिजे, असे तेथे सांगितले आहे. अरुणाबाई पहिल्या प्रकारात मोडत होत्या.

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून जिवंतपणीच आपली इच्छा लिहून ठेवण्यास संमती दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. बुद्धघोषाने केलेला भेद, म्हणजे रुग्णाचा स्वतःचा निर्णय, येथे कायद्यात आला आहे. उपचार थांबविण्याचा निर्णय तपासण्यासाठी प्राथमिक व दुय्यम अशी दोन वैद्यकीय मंडळे नेमावयाची आहेत. प्राथमिक मंडळात उपचार करणारा डॉक्टर व दोन तज्ज्ञ. दुय्यम मंडळात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर व दोन तज्ज्ञ. परिचारिकेचे स्थान या रचनेत नाही. ज्या खटल्यात निष्क्रिय दयामरणाला मार्ग मोकळा झाला त्यात रुग्णाचा आवाज परिचारिका होत्या, आणि मंडळात त्यांना साधे विचारण्याचेही बंधन नाही. लेखी इच्छापत्र केलेल्या सुशिक्षित माणसाचे यात काही बिघडणार नाही. प्रश्न आहे तो ज्याने काहीच लिहून ठेवले नाही आणि ज्याचे नातलग खर्चाने बेजार झाले आहेत त्याचा.

महावग्गातील कथा चीवरांच्या खन्धकात का आली, भेसज्जाच्या खन्धकात का नाही, असा प्रश्न अभ्यासकाला पडतो. उत्तर तेथेच थोडे पुढे मिळते. भिक्खू मरण पावला तर त्याच्या वस्तूंचा स्वामी संघ. परंतु शुश्रूषकाचे उपकार मोठे असतात, म्हणून मृताचे पात्र व तिन्ही चीवरे संघाने शुश्रूषकास द्यावीत, असा नियम आहे. मैत्रीच्या चित्ताने सेवा करावी, लाभाच्या आशेने नव्हे, असे शुश्रूषकाला बजावणाऱ्याच ग्रंथाने संघावर त्याचे देणे लावून दिले. त्याग ही परिचारिकेची शोभा आहे असे म्हणून तिचे वेतन कमी ठेवणाऱ्यांनी हे दोन नियम एकत्र वाचावेत. पुढे असा प्रश्न निघाला की, भिक्खू व सामणेर या दोघांनी मिळून शुश्रूषा केली असेल तर सामणेराला किती द्यावे? याच खन्धकात इतरत्र चीवरांच्या वाटणीत सामणेराला अर्धा वाटा सांगितला आहे. शुश्रूषेच्या बाबतीत मात्र समान वाटा द्यावा, असा निर्णय झाला.

१९७३ साली अरुणाबाईंवरील हल्ल्यानंतर मुंबईतील परिचारिकांनी संप केला तो त्यांच्या देखभालीसाठी आणि स्वतःच्या सुरक्षिततेसाठी. जानेवारी २०१६ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्र सरकारने खासगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनासाठी समिती नेमली. समितीने २०० हून अधिक खाटांच्या रुग्णालयात राज्य शासनाइतके वेतन सुचविले आणि खाटा कमी होत जातील तसे ते उतरवीत ५० हून कमी खाटांच्या रुग्णालयासाठी दरमहा किमान २०,००० रुपये ही मर्यादा सांगितली; अंमलबजावणी राज्यांकडे सोपविली. मलमूत्र काढण्याचे काम दोन्ही ठिकाणी तेच असते, आणि लहान रुग्णालयातील परिचारिकेला ते अनेकदा एकटीने करावे लागते.